मशीन अडकतं म्हणून

पूर्णा, भिवंडी
१७ जानेवारी २०२५

प्रिय प्रितेश,

अनेक आशीर्वाद. छोट्या पूर्वाचा खोकला गेला असेल. इकडे सगळं ठीक. बाबा वेळेवर जेवतात, संध्याकाळी देवळापर्यंत चालून येतात.

कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस. "ताई, नवीन कॉम्प्युटर घे ना" म्हणतोस आणि तुझी मीटिंग सुरू होते. नवीन घेता येत नाही, हे आता शेवटचं सांगते. बाबांचं डिझाइनचं सॉफ्टवेअर ज्याने विकलं, त्याने धंदा केव्हाच बंद केला. ते उघडणारी किल्ली, म्हणजे डाँगल, कॉम्प्युटरमागच्या जुन्या रुंद पोर्टातच बसते. लूमवर नक्षी उठवणाऱ्या जॅकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडणारं, पंच करणारं यंत्रही त्याच मदरबोर्डला जोडलेलं आहे. बोर्ड बदलला तर बाबांचं कामच बंद. म्हणून बोर्ड तोच ठेवून त्यात बसेल असा जुना प्रोसेसर शोधायचा आणि ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचा, एवढंच हातात होतं. तुला विचारलं ते याच्यासाठी. बारावीत तू हेच करताना एक बोर्ड जाळला होतास, तेव्हा तुला अनुभव आहे.

तू पाठवलेल्या लिंक मी सगळ्या वाचल्या. त्यातल्या निम्म्या गेम खेळणाऱ्यांच्या भांडणांच्या होत्या. चार कोरचा प्रोसेसर मिळत होता. पण हे सॉफ्टवेअर एकाच कोरवर चालतं. बाकीचे तीन नुसते बसून राहणार, गोडाऊनचं भाडं खाणाऱ्या आपल्या चुलतभावांसारखे. म्हणजे दोन कोरचा पुरे. त्यातही एक मुळातच वेगवान, तीन गिगाहर्ट्झचा, आणि दुसरा अडीचचा, गरीब. मी आधी वेगवानाच्याच मागे लागले होते. मग कळलं की तो पूर्ण वेगाने पळायला बोर्डाकडे जी बस, म्हणजे माहिती ने-आण करण्याचा जो वेग मागतो, तो आपल्या बोर्डाच्या कुवतीबाहेरचा आहे. गरिबाचा मल्टिप्लायर, म्हणजे बोर्डाच्या वेगाला गुणणारा आकडा, मोठा. बोर्डाला थोडंसं ढकललं की तो तीनच्या पुढे जातो. हे एक वाक्य तुला फोनवर सांगता आलं नसतं का?

कल्याण नाक्यावरच्या दुकानदाराला नाव सांगितलं तर म्हणतो, "मॅडम, ये तो म्युझियम में मिलेगा." मी म्हटलं, "तिकडचा पत्ता द्या." त्याला हसू आलं नाही. शेवटी ऑनलाइन मागवला. पार्सल मानकोलीच्या गोडाऊनमधून निघालं, ते आपल्या दारी यायच्या आधी नाशिकला जाऊन आलं. रोज फोनवर बघत होते आणि दात-ओठ खात होते.

कूलरचा घोळ तर वेगळाच. प्रोसेसरबरोबर येतो तो पंखा चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो. शेजारी विठूच्या शेडमध्ये दिवसभर लूम आपटतात, आपली जमीन हादरते. एक खुंटी हळूहळू वर येते, पंखा एका बाजूने उचलला जातो आणि मशीन तापून बंद पडतं. असल्या जागेसाठी कोणी सल्ला लिहीत नाही. सगळे विचारतात, किती अंशांनी गार करतो. मला विचारायचं होतं, हादऱ्याने सुटतो का, आणि कापसाचा फुफाटा आत बसला तर ब्रशने निघतो का. बारीक पात्यांचा जो कूलर सगळ्यांना आवडतो, तो इथे महिनाभरात गोधडी झाला असता. मी विरळ पात्यांचा उंच कूलर घेतला, बोर्डामागून पट्टी लावून स्क्रूने आवळायचा. तो इतका उंच निघाला की कॅबिनेटचं झाकण लागत नाही. राहू दे उघडं.

सगळं मी जोडलं. वेग तीनच्या वर नेला. दिवसभर चालवून बघितलं. गार राहिलं, बंद पडलं नाही. मला फार आनंद झाला.

हे वाक्य अर्धंच खरं आहे. वर "सगळं ठीक" लिहिलं तेही.

दिवाळीनंतर इक्बालभाईंच्या टॉवेलच्या काठाचं काम बाबांनी केलं, कैरीची नक्षी. माल विणून झाल्यावर इक्बालभाई तो टॉवेल खांद्यावर टाकूनच आले. "केसरीभाई, आपके आम में तो दो डंठल निकले!" एक पुठ्ठा दोनदा पंच झाला होता, आणि तसाच साखळीत ओवला गेला होता. लूमला काय, मिळेल ते विणतो. बाबा टॉवेलकडे बघत राहिले. त्यांच्या हातून अशी चूक मी कधी पाहिली नव्हती. मी पटकन म्हटलं, "मशीन अडकतं, इक्बालभाई. प्रोसेसर जुना झालाय. एकदा दाबलेलं दोनदा लागतं." इक्बालभाई म्हणाले, "तो ठीक करवा लो, बहन. हाथ तो इनका सोना है."

ते वाक्य मी बाबांना वाचवायला बोलले. की स्वतःला? मग तेच खरं धरून चालले. बाबा फोनवर एकच गोष्ट दोनदा बोलले, तेव्हा तू मला विचारलंस, "बाबांना डॉक्टरकडे नेलंस का?" आणि मी तुला प्रोसेसरचं तापमान सांगितलं. तू चिडलास. तुझं चुकलं नाही, पण तुझ्यावर चिडायची सोय मला हवी होती.

नवीन प्रोसेसर घातल्यावर बाबांना समोर बसवलं. माउस हलवताच बाण सरकन पलीकडे. ते दचकले. "कमले गो, यो बान पलतंय कुठं?" मी हसले. शेजारी स्टूल घेऊन बसले. मशीन एका क्षणात पुढची ओळ दाखवत होतं आणि थांबत होतं. बाबांची वाट बघत होतं. बाबा मघाशी भरलेली ओळ पुन्हा भरत होते. मग पुन्हा तीच. माझ्याकडे न बघता म्हणाले, "अजून अडकतंय गो. जरा बघ."

मी वाकून वायर हलवल्यासारखं केलं. "हो बाबा, बघते." मी दिलेली सबब त्यांनी धरून ठेवली होती, आणि ती त्यांच्याकडून काढून घ्यायची हिंमत मला झाली नाही. त्यानंतर मी काय केलं असेल? आणखी जोरदार पंखा कुठे मिळतो ते शोधत बसले. आपली ताई बी.एस्सी. झालेली आहे, प्रितेश.

काल इक्बालभाई नवीन काम घेऊन आले. ते घ्यायचं तर पुन्हा खोटं बोलणं आलं, आणि या वेळी माल कितीतरी मोठा. त्यांना चहा देऊन "उद्या सांगते" म्हटलं. आज शाळेत शिकवून घरी आले तर बाबा खुर्चीत, स्क्रीन चालू, हात मांडीवर. मी स्टूलवर बसले आणि म्हटलं, "बाबा, मशीन अडकत नाही. मशीन चांगलं आहे."

पलीकडे लूम चालू होते. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगणार तेवढ्यात म्हणाले, "माना म्हाइत हाय." मग माउस बाजूला सारत, "तू येवरी खटपट करत व्हतीस, मंग कसा सांगू?"

म्हणजे ते मला सांभाळत होते.

मी काम परत केलं. इक्बालभाईंना खरं सांगितलं, ते बाबांच्या पायाशी बसून राहिले. गुरुवारी ठाण्याला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बाबा म्हणाले, "प्रितेशला नको कलवू, तो घाबरंल." मी कळवते आहे. बुधवारी ये. मला एकटीने ऐकायचं नाही.

तुझी, तुझ्याआधी घाबरलेली,
कमळताई