पाच हॉर्सपॉवरची मोटर

बाबा, आज मी मोटर बघून आले. बोटीची, बाहेरून मागे लटकवायची. बोट गेल्या महिन्यातच घेतली, सेकंडहँड, साडेचार मीटरची, तुमच्या त्या टबासारख्या बोटीपेक्षा फार मोठी नाही. का घेतली हे विचारू नका. आई रोज फोनवर विचारते, तिलाही मी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते. हर्स्टच्या किल्ल्यासमोरच्या समुद्राच्या त्या अरुंद पट्ट्यातून मला एकदा भर ओहोटीत प्रवाहाविरुद्ध यायचं होतं, दणदणीत मोटर लावून, आणि तुमची निवड चुकली होती हे एकदाचं सिद्ध करायचं होतं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि ही बाई अजून तिथेच अडकली आहे, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

तुम्ही ती मोटर कशी निवडलीत, आठवतंय ना? मी तर ती गोष्ट मंडळाच्या गणपतीत इतक्या वेळा सांगितली आहे की लोकांना पाठ आहे. आधी तुम्ही सल्ला घेतलात, तोही कुणाचा, तर साउथहॅम्प्टनच्या त्या कम्युनिटी हॉलमध्ये आरतीनंतर कागदी प्लेट हातात धरून उभ्या असलेल्या डॉक्टरांचा. एक हृदयाचे, एक हाडांचे, आणि एक स्त्रीरोगतज्ज्ञ, ज्यांचे मेहुणे लीड्सला कॅनॉलवर सुटी घालवत म्हणून ते बोटीतले जाणकार. एकालाही पोहता येत नव्हतं. पण अर्धा तास त्यांनी टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोकवर अशी चर्चा केली की जणू उद्या सकाळी तिघंही मोटरची पोटं उघडणार आहेत. आणि तुम्ही मान डोलावत होतात, हातातला मोदक गार होत होता. मी सोळा वर्षांची. मला त्या सगळ्यांचीच लाज वाटत होती, तुमची सर्वात जास्त.

मग तुम्ही सगळ्यांचा सल्ला बाजूला ठेवून स्वतःचं डोकं चालवलंत, ते तर आणखीच भयंकर. जन्मभर पेशंटना वजन पाहून भूल दिलीत, म्हणून मोटरही वजनावर काढलीत. बाथरूममधला वजनकाटा किचनमध्ये आणलात. आधी तुम्ही चढलात, मग मी, मग गळाच्या काठ्या, नांगर, पेट्रोलचा डबा, पोळी-भाजीचे डबे. आई चढायला तयार नव्हती. तुम्ही तिला म्हणालात, "अगं, बुटांसकट चढ, समुद्रात काय अनवाणी येणार आहेस?" ती चढली, आकडा तुम्ही मोठ्याने वाचलात, आणि ती दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. त्या सगळ्या आकड्यांची बेरीज करून, तुमच्या त्या कुणाला न लागणाऱ्या अक्षरात कागद भरून, तुम्ही निकाल दिलात की पाच हॉर्सपॉवर पुरे. कमीत कमी डोस द्यायचा, लागला तर वाढवू. अहो, मोटर म्हणजे काय सलाईन आहे? समुद्राच्या मधोमध डोस वाढवायचा कसा, हे तुम्ही कागदावर कुठे लिहिलं होतं, ते मला अजून सापडलेलं नाही.

आणि हे सगळं कशासाठी, तर बास नावाच्या माशासाठी. पेणच्या खाडीतला जिताडा तुमच्या जिभेवरून उतरला नव्हता, आणि कुणीतरी इथला सी बास खाऊ घातला तेव्हा तुम्ही डोळे मिटून म्हणालात की हा त्याचा चुलत भाऊच. तेव्हापासून सुपरमार्केटमधला, तळ्यात वाढवलेला, सगळे एकाच मापाचे, तो बास तुम्हाला चालेना. स्वतः पकडलेला हवा. चिंचेचा कोळ, लसूण, हळद, आईने तसाच करून द्यायचा. माणसाला सुटीच्या दिवशी गप्प घरी बसता येऊ नये, याला काय म्हणावं.

भरती-ओहोटीचं तर विचारूच नका. तुमच्याकडे पेणचा हिशोब होता. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर तीन वाजता. दिनदर्शिका किचनच्या दाराला टांगलेली, आणि तुम्ही ब्रिटिश समुद्राची वेळ संकष्टीवरून काढत उभे. मी ती तुमच्या हातून अक्षरशः काढून घेतली. म्हटलं, बाबा, पेणचा चंद्र इथे चालत नाही, इथे छापील पुस्तक मिळतं. तुम्ही हसून म्हणालात, बरं, मग ते खातं तुझं. तेव्हापासून पुस्तक माझ्याकडे. त्यातल्या वेळा हिवाळ्याच्या घड्याळाप्रमाणे छापलेल्या असतात, उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवावा लागतो. हे पहिल्या पानावर ठळक लिहिलेलं होतं आणि मीच ते तुम्हाला समजावून सांगितलं होतं, लहान मुलाला सांगावं तसं.

तो जुलैचा रविवार. आई आली नाही, वजनकाट्याचा राग. दुपारी ओहोटीबरोबर आपण हर्स्टच्या बाहेर गेलो, एक बास मिळाला, कायद्याच्या मापात बसत नव्हता म्हणून तुम्ही त्याला दोन्ही हातांनी सांभाळून पाण्यात सोडलात. पाचला परत निघालो. आणि इथून पुढचा भाग मंडळात सर्वांना सगळ्यात जास्त आवडतो. मोटर पूर्ण जोरात आहे, नुसती बोंबलते आहे, पाणी दोन्ही बाजूंनी धावतंय, तुम्ही मुठीवर हात ठेवून ऐटीत बसला आहात. आणि किल्ला जवळ येत नाहीये. मी भिंतीतल्या एका खिडकीवर नजर ठेवली आहे आणि ती खिडकी पुढे पुढे चालली आहे. आपण पूर्ण वेगाने मागे जातोय. मी तसं सांगते, तर तुम्ही म्हणता, थोडा वेळ लागेल, आणि मला डब्यातली पोळी देता. पाणी अंगावर उडतंय, बोट खुल्या समुद्राकडे सरकते आहे, आणि हा माणूस मला पोळी देतोय. तेव्हा मी ओरडले. म्हटलं, "तुम्हाला साधी मोटरसुद्धा निवडता येत नाही. तुम्हाला हॉस्पिटलच्या बाहेरचं काही म्हणजे काहीच कळत नाही." शेवटी एका म्हाताऱ्या कोळ्याने, म्हणजे इथल्याच, बास पकडणाऱ्या गोऱ्याने, दोर टाकला आणि आपल्याला ओढून आणलं. मंडळात मी इथे थांबते. लोक डोळे पुसेपर्यंत हसतात. तुम्हीही हसायचात. म्हणायचात, मोटर लहान घेतली, चूक माझीच.

त्यानंतर तुम्ही एकदाही समुद्रावर गेला नाहीत. बोट पुढच्याच वर्षी कुणाला तरी देऊन टाकलीत. मोटर मात्र गॅरेजमध्ये लाकडी स्टँडवर टांगलीत, आईची जुनी सुती साडी गुंडाळून. आणि दर वसंतात मागच्या बागेत कचऱ्याचा डबा पाण्याने भरून, त्यात तिला बुडवून, दहा मिनिटं चालवायची. शेजारी पडद्याआडून बघतायत, धूर घरात येतोय, आई खोकतेय. मी नोकरीच्या गावाहून, रीडिंगहून, वीकेंडला यायचे, ऑफिसमध्ये माणसं हाताखाली वागवणारी मी, आणि माझे वडील डब्यात मोटर चालवतायत. मी त्यावरही विनोद केले. डब्याची सफर कुठवर आली, विचारायचे.

आता आजचं ऐका. आईला गॅरेज मोकळं हवं आहे, म्हणून तुमची मोटर मी गाडीत टाकून दुकानात नेली, जमलं तर त्यांच्या गळ्यात मारू आणि नवी घेऊ म्हणून. दुकानदार साठीचा. त्याने आधी माझ्या मागे कुणी पुरुष येतोय का ते पाहिलं, मग विचारलं, नवऱ्यासाठी बघताय का? मी म्हटलं, नाही, बाससाठी. तेवढ्यावर जरा सरळ झाला. बोटीवरच्या माहितीच्या पट्टीचा मी फोटो काढून नेला होता. तो वाचून तो म्हणाला की या बोटीला जास्तीत जास्त वीस हॉर्सपॉवर चालेल. मी म्हटलं, वीसच द्या. मग त्याने तुमच्या मोटरवरची साडी सोडली. वाकून एकेक भाग पाहिला. मागे नेऊन पिंपात बुडवली, ताजं पेट्रोल घातलं, कार्ब्युरेटर साफ केला, आणि तिसऱ्या ओढीला ती सुरू झाली. अकरा वर्षांनी. तोच तो बोंबलणारा आवाज. मी तिथे उभी राहून रडले, बाबा, आणि त्याला सांगितलं की धूर लागला.

आता मंडळात मी जिथे थांबते त्याच्या पुढचं लिहिते. परत निघताना तुम्ही एकदा पाण्याकडे बघून पुटपुटला होतात, आज द्वितीया, माझ्या हिशोबाने साडेसातपर्यंत ओहोटी असायला हवी. मी म्हटलं होतं, पुस्तकात ओहोटी पाचला संपते आहे, चला. पुस्तकात सहा होते. त्यात तास मिळवून सात व्हायचे. मी तास वजा केला होता. त्या म्हाताऱ्याने दोर टाकताना आपल्याला विचारलं की दोन तास आधी का निघालात, पुस्तक कोण वाचतं? तो माझ्याकडे बघत होता. मी घड्याळाकडे पाहिलं आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं. माझं तोंड उघडण्याआधी तुम्ही तुमच्या त्या हॉस्पिटलच्या इंग्रजीत म्हणालात, नाही नाही, मोटर लहान घेतली, चूक माझीच. मी गप्प बसले. पुढच्याच गणपतीत मी ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली.

तुम्ही आजारी असताना, शेवटच्या उन्हाळ्यात, मी किचनमध्ये चहा करत होते. आई बाहेर होती. तुम्ही खुर्चीतून म्हणालात, "कधी बोट घेतलीस तर मोटर हवी ती घे गं. तास तेवढा मिळव." मी विचारलं, कसला तास, बाबा? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, काही नाही, साखर कमी घाल.

दुकानदाराने मोटर बंद केली, फडक्याने पुसली. म्हणाला, कुणीतरी हिची फार निगा राखली आहे. हलक्या कामाला अजून दहा वर्षं जाईल. ही का नको तुम्हाला? दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तो मला ओळखत नव्हता, तुम्हाला नव्हता, मंडळातलं कुणी तिथे नव्हतं. सांगायला याहून सोपी जागा मिळाली नसती.

वीसची मोटर पुढच्या आठवड्यात येईल. तुमची मी परत आणली, साडीत गुंडाळली, गॅरेजमध्ये टांगली, आईची बोलणी खाल्ली. हे पत्र त्या साडीच्या घडीत ठेवते आहे, तिथे कुणी हात घालत नाही. त्या दुकानदाराला मी सांगितलं की वडिलांनी निवडली होती, त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं.