साखर पन्नासच्या वर असताना

मी, खाली सही करणारी, वय त्रेपन्न, धंदा कपडे बेतण्याचा, अविवाहित, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. नुसतं असं म्हणून भागणार नाही, कारण सहा वर्षांपूर्वी ते ठिकाणावर नसल्याचा दाखला माझ्या थोरल्या भावाने मिळवला आणि अजून कपाटात जपून ठेवला आहे. म्हणून पुरावा जोडते: सकाळी दहा वाजता रक्तातली साखर चौऱ्याहत्तर.

कालपासून मी रुग्णालयात उपाशी आहे. डॉक्टरीणबाईंना संशय आहे की माझ्या स्वादुपिंडात वाटाण्याएवढी गाठ आहे आणि ती नको तेव्हा इन्सुलिन सोडते. अशी गाठ लाखांत एखाद्याला होते म्हणे. स्कॅनमध्ये ती दिसली नाही. म्हणून तीन दिवसांपर्यंत नुसत्या पाण्यावर ठेवून साखर कुठवर पडते ते बघायचं. गाठ ठरली की पोट उघडणार, आणि ते काही काजं-बटणं करण्याचं काम नव्हे. नर्सबाई बोट टोचून आकडा तक्त्यात भरतात. माझी शुद्ध अशी वेळेसकट लिहून ठेवणारी दुसरी जागा मला ठाऊक नाही, म्हणून मृत्युपत्र इथेच. साखर पन्नासच्या खाली गेल्यावर मी जे बोलेन ते रद्द समजावं.

कलम एक. दुकान, वरची खोली, दोन्ही शिलाई मशीन आणि मोठी कात्री माझ्या पुतणीला. बाबांनी दुकान माझ्या नावावर केलं ते दादाच्या डोळ्यांत अजून खुपतं. मुलीच्या नावावरही खुपेल. खुपू दे.

कलम दोन, वहिनी. सकाळी उपाशीपोटी मी बरळायचे. एकदा गिऱ्हाइकाचा नवा कोट पाठीतून उभा कापला. वहिनी शेजारणींना सांगायची, "ढोंगी आहे मेली. साखर तोंडात पडली की वेड पळतं हिचं." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पुतणीने तेच वाक्य डॉक्टरीणबाईंपुढे जसंच्या तसं म्हटलं आणि त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "परत सांग," म्हणाल्या. वेडाच्या गोळ्या देणाऱ्यांनी सहा वर्षांत हे कधी विचारलं नव्हतं. तेव्हा मनाविरुद्ध, दुकानातला उभा आरसा वहिनीला. मी आभार मानले असं मात्र कुणी तिला सांगू नये.

दुपारी दोन. साखर एकसष्ट.

कलम तीन, दादा. त्याला काहीही नाही. भर दुकानातून दंडाला धरून त्याने मला वेड्यांच्या इस्पितळात न्यायला गाडीत कोंबलं, गिऱ्हाइकं बघत होती. "गप बस, तुझ्या भल्यासाठीच आहे," म्हणाला. तो कोर्टाची पायरी चढलाच तर हा तक्ता पुढे करावा. माझ्या अंत्यविधीलाही तो नको.

साडेचार. साखर त्रेपन्न. घाम फुटलाय, अक्षर तिरकं जातंय. इथे थांबते. (सही)

साक्षीदार नर्सची नोंद: पाच चाळीस. साखर अडतीस. बाईंनी मला ओळखलं नाही. "दादाला बोलवा, शाळा सुटली, मला घरचा रस्ता सापडत नाही," असं म्हणून रडत होत्या. रक्त घेतलं, मग ग्लुकोज दिलं. चाचणी संपली.

पुरवणी. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ, साखर ब्याण्णव. निकाल आला. साखर तळाला गेली तरी इन्सुलिन चढलेलंच होतं. म्हणजे गाठ आहे, वेड नव्हतं. मग वरची नोंद वाचली. माझ्याच अटीप्रमाणे ते बोलणं रद्द, म्हणून काट मारायला पेन उचललं. मारवेना. तो खरंच यायचा न्यायला, रोज, माझं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेऊन. दुकान पुतणीचंच, त्यात बदल नाही. अंत्यविधीचं वाक्य मात्र रद्द समजावं. ऑपरेशनच्या आधी दादाला बोलवावं. मीच बोलावलंय असं सांगावं, आणि शुद्धीत असताना बोलावलंय हेही.

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई (सही) २. वॉर्डातल्या नर्सबाई (सही). पुतणीला मिळकत मिळणार असल्याने तिची सही घेतलेली नाही. ती बाहेर फोन लावते आहे.

स्थळ: रुग्णालय, खाट नऊ. दिनांक: चौदा, गुरुवार.
(सही)