नॉर्वेच्या गाण्यांचा वारस

मी, कॉन्स्टान्सियो मिंगेल लोबो, वय वर्षे शहात्तर, धर्म ख्रिस्ती, धंदा पूर्वी बोटीवर आचारी व आता कुरकुर, राहणार तोंडवली, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि सकाळपासून फेणीला हात न लावता लिहून ठेवतो. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रागात केले होते, सबब रद्द समजावे.

कारण असे की येत्या सोमवारी गोव्याच्या इस्पितळात माझे स्वरयंत्र काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, जीव वाचेल, आवाज जाईल. म्हणजे माझ्या मागे घराचे काय, हा प्रश्न तसा घाईचा नाही. घाईचा प्रश्न हा की सोमवारनंतर नॉर्वे देशाची गाणी तोंडवलीत कोण म्हणणार? वकील सारिका केळुसकर समोर बसून सांगतात की आवाज ही कायद्याने मालमत्ता नाही, आणि मृत्युपत्र माणूस मेल्यावरच लागू होते. बाई हुशार आहेत. तरी मी लिहिणार, कारण कागद माझा आहे आणि त्या पीत आहेत तो चहाही माझाच आहे.

१. राहते घर व माडांची बाग डायलन आणि ग्लिनिस या माझ्या मुलांना समसमान. डायलनला इथे होमस्टे काढायचा आहे. खुशाल काढावा, पण पाटीवर ‘सी व्ह्यू’ लिहू नये. आमच्या घरातून समुद्र दिसत नाही, शेजारी दत्तप्रसाद तोरसकर याचा गोठा दिसतो.

२. बँकेत जे आहे ते दोघांत निम्मे. माझी दिवंगत पत्नी बर्नादेत हिची सोन्याची साखळी ग्लिनिसला. सुनेने विचारल्यास ‘पप्पांनीच लिहून ठेवले’ असे सांगावे, म्हणजे भांडण माझ्या नावावर जाईल आणि मी तर उत्तर देणार नाही.

३. बोटीवरच्या माझ्या सुऱ्या चर्चच्या फेस्ताच्या स्वयंपाकासाठी द्याव्यात. त्या सुऱ्यांनी कोणी नारळ सोलल्यास मी वरून बघत असेन.

४. हद्दीवरचा वाकडा माड. बुंधा माझ्यात, शेंडा दत्तप्रसादच्या आवारात. खत मी घालतो, नारळ त्याच्या अंगणात पडतात आणि तो म्हणतो, “देवान दिलो, मी खंय मागलंय?” हा माड मी कोणालाच देत नाही. भांडण मुलांनी पुढे चालू ठेवावे.

५. आता गाणी.

मी नॉर्वेचा नाही, माझे कोणी तिथे नाही, आणि मी त्या देशाच्या जमिनीवर पाय ठेवलेला नाही. जहाज त्यांचे होते एवढेच. एकदा बर्गेन बंदराला लागलो तेव्हा मला गालगुंड झाले होते, त्यामुळे तो देश मी केबिनच्या गोल खिडकीतून, गालाला फडके बांधून पाहिला. पण सतरा मे हा त्यांचा राष्ट्रीय दिवस. त्या दिवशी आम्ही कितीही उकाड्याच्या समुद्रात असलो तरी ती माणसे धुतलेले शर्ट घालून डेकवर उभी राहत आणि गात. चीफ इंजिनियर एरवी माझ्या रश्शाला नावे ठेवण्यापुरतेच तोंड उघडी. तो रडत असे. मी विचारले, गाण्यात आहे तरी काय? म्हणाला, डोंगर, समुद्र, मेलेली म्हातारी माणसे आणि घर. मी पाठ करायला लागलो.

लोक विचारतात, आपली गाणी काय कमी आहेत? मुळीच नाहीत. पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर मी सगळ्यांच्या आधी हजर असतो. पण आपले गाणे म्हणताना छाती भरून येते आणि पाठोपाठ काळजीही येते, कारण आपल्या रस्त्यांचे काय झाले तेही आठवते. नॉर्वेच्या रस्त्यांची मला काळजी नाही. दुसऱ्याच्या देशावर नुसते प्रेम करता येते, शेजारच्या पोरावर करतो तसे. ताप आला तर जागायचे त्याच्या आईने.

निवृत्त झाल्यावर मी गावात सतरा मे सुरू केला. चाकरमानी आलेले असतात, पोरे मोकळी असतात. कागदी झेंडे, शाळेपासून आमच्या घरापर्यंत मिरवणूक, मग मी गाणार आणि मग आइसफ्रूट. बर्नादेत म्हणायची, “बर्फाची गाणी म्हणतास आनि घाम पुसूक माजे टावेल लागतत!” एका वर्षी कोणीतरी पोलिसांत कळवले की तोंडवलीत परका झेंडा लागतो. हवालदार आले आणि आइसफ्रूट खाऊन गेले. कळवणारा दत्तप्रसाद नव्हता, हे त्याच्या बाजूने नमूद करतो. त्याच्या बाजूने नमूद करण्यासारखे फार नाही.

दत्तप्रसाद हा गावकर. देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणे घालण्याचा मान त्याच्या घराण्याचा. तो देवाकडे एकेक मागणे मागतो आणि जमलेले लोक प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. पहिल्याच सतरा मेला मी पहिले कडवे संपवून श्वास घेतला, तोच कुंपणापलीकडून हा गरजला, “व्हय म्हाराजा!” पाठोपाठ अख्खी मिरवणूक.

मी म्हटले, “रे दत्ता, ह्या गाणा आसा, गाऱ्हाणा नाय!”

तो म्हणाला, “कॉन्सूबाब, सगळ्यांच्या वतीन कोण उभो रवान मागता, तेका व्हय म्हणूकच व्हया. नायतर ता वर पोचतला कसा?”

यावर मी माडाचा विषय काढला. तेव्हापासून दरवर्षी तेच. एकदा खरेखुरे नॉर्वेचे जोडपे फिरत फिरत नेमके त्या दिवशी इथे पोचले. मी पांढरा शर्ट घालून सगळी कडवी म्हटली. पहिल्याला ती दोघे माझ्याबरोबर गायली, तिसऱ्याला शब्द न आठवून एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. शेवटी मला म्हणतात, मधली ती आरोळी फार छान, आमच्याकडे नाही. त्या रात्री मी जेवलो नाही.

तर वारस कोण? डायलन मोबाइलात बघून गातो, रेंज गेली की देश गेला. ग्लिनिस लाजते. तिने मडगावला सासरी सांगून ठेवले आहे की पप्पा संगीताचा अभ्यास करतात. चर्चची गाणारी मंडळी सुरेल आहेत, पण कोणतेही गाणे इतके संथ घेतात की त्याची मिस्सेची प्रार्थना होते, आणि शेवटी आमेन म्हणतात.

गेल्या सतरा मेला दुसऱ्या कडव्यात माझा आवाज चिरकला आणि बंद पडला. तेव्हा आजाराचे कळलेले नव्हते. पोरे झेंडे धरून उभी. आणि कुंपणापलीकडून गाणे पुढे सुरू झाले. दत्तप्रसाद गात होता. उच्चार ऐकून चीफ इंजिनियरने समुद्रात उडी घेतली असती. पण एकही ओळ गाळली नाही, शेवटच्या कडव्यापर्यंत. इतकी वर्षे तो पलीकडे उभा राहून नुसती आरोळी देत नव्हता. मला असा राग आला की मी त्याच्याशी आजवर बोललो नाही. माझे गाणे त्याच्या तोंडी ऐकून मला रडू आले, ते त्याने बघितले, याचा तो राग.

सबब मी असे ठरवतो की नॉर्वेची सर्व गाणी, सतरा मेची मिरवणूक व आइसफ्रूटचा खर्च ही सर्व दत्तप्रसाद तोरसकर यास. आरोळीसकट.

हे लिहीपर्यंत दत्तप्रसाद इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर साक्षीदार म्हणून बसला होता. ग्लिनिसने बोलावले होते. सारिकाबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, देणगी रद्द होते. तेव्हा तो उठला आणि म्हणाला, “माका कायएक नको. साक्ष करतंय नि जातंय.” मी म्हटले, “बस गप. तुका घेवचाच लागतला.” त्याच्या जागी सारिकाबाईंना मालवणहून घेऊन आलेला रिक्षावाला अतहर याला बोलावले.

सही करण्याआधी मी दत्तप्रसादला गाणे एकदा म्हणायला लावले. तो उभा राहून म्हणाला. तिसऱ्या कडव्यात दोनदा चुकला. मला अजून बोलता येते. मी दुरुस्त केले नाही.

लिहून देणार: कॉन्स्टान्सियो मिंगेल लोबो (सही)

आम्हा दोघांसमक्ष लिहून देणाऱ्याने सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष केली:
१. अ‍ॅड. सारिका केळुसकर, मालवण (सही)
२. अतहर मुजावर, रिक्षाचालक, मालवण (सही)

मुक्काम तोंडवली, दिनांक ९ जानेवारी २०२६