पाण्याखालच्या गोण्या

प्रिय दिपाली,

एकवीस वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट दोनदा उलटंपालटं करशील आणि तुझ्या आईला, काकूंना, विचारशील, फाडू का ठेवू. फाडू नकोस. तुझा नंबर आपल्या वर्गातल्या भीमाने सुप्याहून आणून दिला होता, तू तिथल्या कंपनीत आहेस हेही त्यानेच सांगितलं. तीनदा लावला आणि रिंग जायच्या आत कट केला. तू माझा आवाज ओळखशील याची भीती, आणि ओळखणार नाहीस याचीही. म्हणून हे पत्र.

गावात सध्या एकच विषय आहे. तेव्हा लाँच बुडाली त्यात गेलेल्यांच्या नावाचा दगड घाटावर बसवतायत. सहा नावं आहेत. तुझ्या वडिलांचं नाही. आसारामनाना लाँच चालवत होते, तेही गेले, पण त्यांचं प्रेत लांब पलीकडच्या काठाला लागलं, तेवढ्यावरून गाव अजून म्हणतं की नाना माणसांना टाकून पोहत सुटले. माणसं बुडवून पळालेल्याचं नाव कशाला, असं पारावर सरळ बोलतात. एक मेच्या ग्रामसभेत यादी मंजूर होणार. दगडावर एकदा कोरलं की पुढच्या पोरांना तेवढंच खरं वाटणार.

आता माझं ऐक. तालुक्याने, पुढे कुणी बुडालं तर शोधायला, पथक काढलंय आणि धरणाच्या फुगवट्याच्या काठावरच्या प्रत्येक गावातून एक माणूस मागितला. ग्रामसेवकाने माझं नाव दिलं. का, तर अमृत नळाला पाणी सोडतो, त्याला पाण्याची सवय हाय. काय डोकं आहे बघ. त्या दिवसानंतर मी गुडघ्याच्या वर पाण्यात उतरलेलो नाही, स्वतःच्या विहिरीत मोटर सोडायलासुद्धा दुसऱ्याला उतरवतो. पण भित्रा म्हणतील या भीतीने मी हो म्हणालो. माझी सगळी धाडसं अशीच असतात.

शिकवायला मालवणहून एक सर आले. चार दिवस नगरच्या पोहण्याच्या तलावात घोटून घेतलं. पाठीवर सिलेंडर, तोंडात नळी, कान दुखले की नाक दाबून फुंकर मारायची, आणि काही झालं तरी श्वास कोंडायचा नाही. पाचव्या दिवशी सर म्हणाले, आता खरा सराव. तुमच्या गावाजवळ जुनी लाँच आहे म्हणे, पाणी आटलंय, जेमतेम पंचवीस फूट. बाकीची पोरं खूश झाली.

दिपा, खाली समुद्रासारखं निळंबिळं काही नसतं गं. गढूळ हिरवं पाणी, हात लांब केला तर बोटं जेमतेम दिसतात. स्वतःचाच श्वास कानात घरघरतो. मी इतक्या भराभर श्वास घेत होतो की सरांनी बरा आहेस का म्हणून खूण केली. मी रुबाबात अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ वर चला असा असतो, हे चार दिवस शिकून विसरलो होतो. सरांनी मला दंडाला धरून थेट वर आणलं. पोरं हसली. तिथेच कपडे करून घरी जाता आलं असतं, आणि देवाशप्पथ, जावंसं वाटलं. पण पुन्हा उतरलो.

दोरी धरून जाताना आधी लाँचचा पत्रा हाताला लागला, गार आणि बुळबुळीत. हात झटकन मागे घेतला. मला वाटलं, आतून कुणीतरी धरेल. तेहतीस वर्षांचा बाप्या, दोन लेकरांचा बाप, आणि तोंडात नळी धरून रडत होतो. सरांनी बॅटरी आत मारली. बाकांच्या मध्ये, छतापर्यंत, दगड रचलेले होते. एकसारखे, पोट फुगलेले, कोपऱ्यांना कान असलेले. सिमेंटच्या गोण्या. कागद कधीच कुजून गेला, सिमेंट मात्र गोणीच्या आकारातच दगड झालं होतं. सरांनी वर आल्यावर विचारलं, माणसांच्या लाँचमध्ये एवढं वजन कुणी भरलं. मी म्हणालो, माहीत नाही. त्याच तोंडाने.

मला माहीत आहे. ते सिमेंट आमचं होतं, आमच्या बंगल्याचं. नाना नको नको म्हणत होते, वजनाने लाँच खाली बसेल म्हणत होते, पण माझे वडील, आण्णा, तेव्हा सरपंच, त्यांनी हमालांना लावून गोण्या चढवल्या आणि स्वतः जीपने लांबच्या रस्त्याने गेले. मी हट्टाने लाँचमध्ये बसलो. पाणी आत आलं तेव्हा नानांकडे टायरची एकच ट्यूब होती. त्यांनी ती माझ्या गळ्यात घातली, मला लांब ढकललं आणि आत अडकलेल्यांसाठी परत वळले. ते मला पुन्हा दिसले नाहीत. पंचनाम्यात साहेबांनी विचारलं तेव्हा मी आण्णांनी पढवलं तसं बोललो. गोण्या नव्हत्या, आणि नानांनी पहिली उडी मारली. मी बारा वर्षांचा होतो, पण नंतर तेरा झालो, वीस झालो, तीस झालो. नाना पळाले ही अफवा गावाची नाही, माझी आहे. एक मेला मी उभा राहून हे सांगणार आहे. आण्णा पहिल्या रांगेत बसतात, त्यांना अजून बोललेलो नाही, आणि त्यांच्या नुसत्या खाकरण्याने माझी वाचा जाते. म्हणून तू ये. काकूंना घेऊन ये आणि मला दिसेल अशी बस. माफी मागायला बोलावत नाही, ती मागायची माझी लायकी नाही. तू समोर नसलीस तर मी घाबरून पुन्हा गप्प बसेन, एवढं मी स्वतःला ओळखतो.

तुझ्या वडिलांमुळे जिवंत असलेला,
अमृत