आयोवातली खुरपणी आणि विहिरीजवळची पट्टी

श्री. शेषेराव पाव्हणे यांना आयोवाहून बालाजीचा रामराम. गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का? तीन वर्षं आपलं बोलणं बंद आहे हे मी विसरलेलो नाही. पण लिहिणंही बंद करायचं असं काही ठरलं नव्हतं, म्हणून लिहितो. या पत्राचा फोटो तुमच्या शिवमच्या मोबाईलवर येईल. चष्मा लावून तुम्हीच वाचा, त्याला वाचायला लावू नका, गावभर होईल.

वर्षाराणीकडं येऊन सात आठवडे झाले. पोरगी, जावई जीव लावतात, खायला-प्यायला कमी नाही, पण माझं बूड कुठं टेकत नाही. पहाटे उठतो आणि घरातल्या घरात येरझाऱ्या घालतो (पाय दुखतात का, असं जावई रोज विचारतो, बिचारा). चाकूरच्या सोयाबीनला कंटाळून विमानात बसलो, तर इथं खिडकीतून बघावं तिकडं सोयाबीन, आणि जिथं सोयाबीन नाही तिथं मका. सगळा मुलूख ताटासारखा सपाट. माझं मन रमावं म्हणून पोरगी दर रविवारी एका नव्या पार्कात नेते. एकदा डोंगर दाखवायला दोन तास गाडी चालवली. डोंगर आपल्या गावच्या उकिरड्याहून थोडा उंच असेल; त्याला पायऱ्या, कठडा आणि वर दमलेल्या माणसांसाठी बाकडं. दुसऱ्या पार्कात रेल्वेचे रूळ उचलून सायकलींचा रस्ता केला आहे (आपण एक गाडी वाढवून मागायला किती निवेदनं दिली, आठवतं ना?). तिसऱ्यात माणसं तळ्यातून मासा काढतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि त्याला परत पाण्यात सोडतात. घरी गॅस असलेली माणसं तंबू ठोकून धूर खात बसतात. सगळे खूश, मी सोडून.

मागच्या महिन्यात वेगळंच घडलं. पोरगी आणि जावई तळ्याला चक्कर मारायला गेले आणि मला बाकड्यावर बसवून गेले. समोर कमरेएवढं गवत माजलेलं, मधूनमधून पिवळी फुलं, आणि कुंपणापलीकडं कसं स्वच्छ सोयाबीन. मला वाटलं, सरकारी जागा, खुरपायला मजूर मिळत नसेल. आपल्याकडं तरी कुठं मिळतो. हात शिवशिवायला लागले. पिशवीत जावयाचं कुंड्यांचं खुरपं होतं (ते मी का नेलं होतं, विचारू नका). ती दोघं परत येईपर्यंत मी दोन काकऱ्या लख्ख केल्या, गवताच्या पेंढ्या बांधून कडेला ओळीनं लावल्या आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. इथं आल्यापासून पहिल्यांदाच मला बरं वाटत होतं.

शाबासकी द्यायला पार्काची राखण करणारी टोपीवाली बाई आली. ती रागावली असती तर परवडलं असतं. पेंढ्या बघून ती मटकन खालीच बसली. मग वर्षाराणीनं मान खाली घालून मला समजावलं. हा सगळा मुलूख एकेकाळी असल्याच गवताचा होता म्हणे. लोकांनी नांगरून नांगरून त्याचं सोयाबीन आणि मका केला. गवत नावाला उरलं. इथल्या म्हाताऱ्या माणसांनी कुठून कुठून बी वेचून अकरा वर्षांत हा चार एकराचा तुकडा परत उगवून आणला, आणि त्यातच मी खुरपणी केली. पाव्हणे, मला लई लाज वाटली.

दंड काही झाला नाही. दर शनिवारी येऊन बी वेचू लागा, एवढंच बाई म्हणाली. तेव्हापासून मी कमरेला पिशवी बांधून, ऐंशी-ऐंशी वर्षांच्या बायांबरोबर, कापूस वेचावा तसं गवताचं बी वेचतो. परवा त्या टोपीवाल्या बाईनं विचारलं, तुमच्या गावाकडं असं जुनं गवत राहिलंय का? मी ऐटीत सांगितलं, हाव, विहिरीजवळ पट्टी आहे, माझ्या सिंधूनं मरेपर्यंत तिथं नांगर लागू दिला नाही. पोरीनं ते इंग्रजीत सांगताच सगळ्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं. त्यांना वाटलं, कौतुकानं आलं.

असो. वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा (बोलणं बंद असलेला) मेव्हणा,
बालाजी

ता. क. : खरं काम हे. तीन वर्षांपूर्वी मी पट्टी नांगरायला काढली तेव्हा तुम्ही ट्रॅक्टरपुढं आडवे झालात म्हणून तुमच्या बहिणीची पट्टी वाचली आणि आपलं बोलणं तुटलं. विमानात बसायच्या आधी मी ट्रॅक्टरवाल्या धोंडप्पाला गुपचूप सांगून आलो आहे, की सोयाबीन निघालं की पट्टीवर ट्रॅक्टर घाल. मीच गावात नसलो तर पाव्हणे भांडतील कुणाशी? आता चार दिवस त्याला फोन लावतो आहे. बाहेरचा नंबर दिसला की तो कापून टाकतो. काल एकदा उचलला आणि म्हणाला, "बालाजीराव अमेरिकेत हायत. मला येडं समजून राहिलास का?" तेव्हा गुडघा दुखत असला तरी जा आणि परत आडवे व्हा. या खेपेला माझ्या वतीनं.

ता. क. २ : माझी चूक झाली असं मी वर कुठंही लिहिलेलं नाही, तपासून पाहा. फक्त म्हशीला गवत कापाल ते बी झडल्यावर कापा. "बी झडू द्या, मंग कापा," हे सिंधू मला चाळीस वर्षं सांगत होती. मला ते इंग्रजीत ऐकल्यावर पटलं.