अर्धी जागा धाकट्याची

३ तारीख, सोमवार

रोजनिशी लिहायची, लिहायची म्हणता म्हणता मी किती गावं मागे टाकली, पण एक ओळ म्हणून लिहून झाली नाही. इथे येऊनही आठवडा होत आला आणि रोज उद्यावर ढकलतोय. आळस, दुसरं काय. आज समोर कॉम्प्युटर आहे आणि बोलायला कुणी नाही, तेव्हा सुरुवात करून टाकतो. तारीख मशीन आपली आपणच टाकतं, तेवढाच भार हलका.

तर मला नोकरी लागली. म्हणजे मी काही नोकरी शोधत नव्हतो. बुटाचा तळ निघाला होता, तो शिवून कुठे मिळेल एवढंच विचारायला या छपाईच्या दुकानात शिरलो. मालक कपाळाला हात लावून बसले होते. समोर एक काळा डबा, त्यांच्या धाकट्या भावाचा कॉम्प्युटर. भाऊ गेल्या वर्षी गेला. दुकानाच्या पाट्या, फलक, निधनवार्तेची कार्डं, सगळी चित्रं तोच करायचा, सगळी याच डब्यात होती, आणि पासवर्ड तो बरोबर घेऊन गेला. मी म्हटलं, बघू का. शाळेशी माझं कधी जमलं नाही, पण एका गावात रिपेरिंगवाल्या उस्तादाकडे बऱ्यापैकी टिकलो होतो (तिथून का निघालो ती वेगळीच गंमत आहे, सांगेन कधीतरी).

मालकांना जुनं काही पुसायला नको होतं. मी म्हटलं, पुसायचं कशाला? याच डिस्कचे दोन भाग करू. एका भागात धाकट्याची जुनी सिस्टिम जशीच्या तशी राहील, दुसऱ्यात नवी घालू. चालू केलं की मशीन आधी विचारेल, कुठे जायचं? नव्या भागात बसून जुन्यातली चित्रं हळूच उचलायची. मालक हसले. म्हणाले, एका म्यानात दोन तलवारी? मी म्हटलं, दोन बायकांपेक्षा बरं.

काम तसं निर्वेध झालं. फक्त डिस्क कापताना मशीन अडलं. जुनी सिस्टिम बंद केलेली नाही, ती झोपेत आहे, आधी तिला उठवून नीट बंद करा, असं म्हणत होतं. उठवणार कसं, पासवर्ड कुणाकडे आहे? उस्ताद नेहमी बजावायचा, आधी कॉपी काढ, आणि झोपलेल्या डिस्कला सुरी लावू नकोस. पण मालक डोक्यावर उभे होते. लावली सुरी. अर्धा भाग त्याचा, अर्धा माझा.

राहायला मागची खोली. खिडकी नाही, छताशी एक पंखा हवा बाहेर फेकतो, त्याचं बटण बाहेर काउंटरपाशी. दार आपोआप लागतं आणि आतून उघडतच नाही, म्हणून खाली शाईचा रिकामा डबा अडकवून ठेवायचा. कोपऱ्यात शाई धुवायच्या पातळ द्रवाचे पत्र्याचे डबे. वास जरा डोक्यात जातो. वर मालक आणि वहिनी राहतात. वहिनी जेवणाचं ताट स्वतः आणून देतात. अजून काय हवं?

५ तारीख, बुधवार

एक मजेची गोष्ट. एकाच डब्यात दोन सिस्टिम नांदवल्या की घड्याळाचं भांडण ठरलेलं. दोघी वेळ वेगवेगळ्या रीतीने मोजतात, त्यामुळे इकडून तिकडे जाऊन आलं की घड्याळ काही तास पुढे नाहीतर मागे गेलेलं असतं. सगळ्यांकडे होतं, घाबरायचं काही नाही.

माझं घड्याळ आज पुढे गेलेलं दिसलं. मी तर जुन्या भागात पाऊलही टाकलेलं नाही.

चालू होताना ‘कुठे जायचं’ विचारणाऱ्या मेनूत मी नवी सिस्टिम पहिली ठेवली होती. कुणी बटण दाबलं नाही तर थोडं थांबून तीच सुरू व्हावी म्हणून. आज बघतो तर जुनी पहिली. असेल माझाच वेंधळेपणा. दुपारी डुलकी लागली, उठलो तर मान अवघडलेली, बोटं दुखत होती, आणि बेकरीची पाटी तयार. मला हे इतकं सुरेख जमतं? मालक खूश झाले. म्हणाले, पाहुणा कामाचा निघाला. मला सगळे पाहुणाच म्हणतात. खरं नाव विचारायचं कुणाला सुचलेलं नाही, आणि मीही ते सांगायचं विसरलो.

७ तारीख, शुक्रवार

वहिनी ताट घेऊन आल्या आणि पडद्यावरची पाटी बघून खालीच बसल्या. म्हणाल्या, हा भाऊजींचा हात आहे. अक्षराला वळण देताना ते शेवटी एक बारीकशी फट ठेवायचे, अक्षराला श्वास घ्यायला जागा हवी म्हणायचे. मी पाहिलं. प्रत्येक अक्षराला फट होती.

मग धाकट्याबद्दल बरंच सांगितलं. तोही माझ्यासारखाच, एक काम हातात घेतलं की दुसऱ्याकडे पळणारा. पाटी रंगवता रंगवता कबुतरांमागे गच्चीवर जायचा. म्हणून मालकांनी एक रीत पाडली होती. ऑर्डर आली की धाकट्याला या खोलीत घालायचं, दार ओढून घ्यायचं, काम संपल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. तो आतून गाणी म्हणायचा, शिव्या द्यायचा, पण काम वेळेत निघायचं. गावात सगळे हसायचे. जाताना वहिनी दारात म्हणाल्या, जेवून घ्या भाऊजी. मग स्वतःच दचकल्या.

९ तारीख, रविवार

आज मालकांनी शाईचा डबा पायाने सरकवला आणि दार ओढून घेतलं. मोठी ऑर्डर आहे, कसलीशी शाखा उघडतेय. बाहेरून कुणाला तरी सांगत होते, हे मेंढरू सोडलं की परत यायचं नाही. तो माणूस हसला. मी दार वाजवलं. मालक म्हणाले, आधी काम, मग दार.

मला आजवर कुणी कोंडलं नव्हतं. मी आपणहून कुठेही थांबतो, आपणहून निघतो, एवढीच तर माझी इस्टेट. राग असा चढला की दाराला दोन लाथा घातल्या.

आणि डिस्क. माझा भाग अर्धा होता, आता अर्ध्याहून कमी आहे. मी काहीच हलवलेलं नाही. आणि इथे, याच रोजनिशीच्या खाली, एक ओळ आहे जी मी लिहिलेली नाही.

जागा पुरत नाही.

१० तारीख, सोमवार

दार अजून बंदच आहे. ताट मालकच आणून सरकवतात, किल्ली त्यांच्या कमरेला. पंखा बंद केलाय, आवाजाने काउंटरवर डोकं दुखतं म्हणे.

वहिनी दाराच्या पलीकडे येऊन बसल्या होत्या. हळू बोलत होत्या. धाकटा गेला त्या दिवशीही पंखा असाच बंद केला होता. धाकट्याच्या हातून द्रवाचा डबा लवंडला. तो दार वाजवत होता. मालक म्हणाले, नाटक आहे, गच्चीवर जायचंय त्याला. रेडिओ मोठा केला. वहिनी जिन्यात उभ्या होत्या. त्यांना कळत होतं की हे नाटक नाही, पण त्या खाली उतरल्या नाहीत. नंतर मालकांनी सगळ्यांना सांगितलं, त्याचं काळीज नाजूक होतं.

मी विचारलं, वहिनी, तुम्ही का नाही उघडलंत?

त्या म्हणाल्या, "नवऱ्याचा शब्द मोडायची सवय नव्हती रे."

किल्ली आणून द्या म्हणालो. त्या उठून वर गेल्या.

नव्या सिस्टिममध्ये आज रोजनिशी उघडताना वेळ लागला. मेनूत फक्त जुनी दिसत होती, माझी कुठे तरी खाली ढकललेली. झोपलेल्याला मी सुरी लावली. तो आता जागा आहे.

११, मंगळवार

आज स्वतःच जुन्या भागात गेलो. पासवर्डचा चौकोन आला आणि त्यात ठिपके पडत गेले, माझी बोटं मांडीवर होती.

आत एकच चित्र उघडं होतं. निधनवार्तेचं कार्ड. मालकांचा फोटो, नाव, तारखेची जागा मोकळी. प्रत्येक अक्षराला ती बारीक फट.

मी घाबरायला हवं होतं. मला हसू आलं. काळी चौकट जरा बारीक वाटली, ती मी जाड केली.

मग रोजनिशीत त्याला विचारलं, काय पाहिजे. भानावर आलो तेव्हा घड्याळ पुढे गेलेलं, बोटांना द्रवाचा वास, आणि खाली लिहिलेलं, दादाला या खोलीत आण. मी वाजवलं तेवढं त्याला वाजवू दे. मी म्हटलं, ठरलं, पाट्या तू कर, दार मी बघतो. तो म्हणाला, आधी तुझी जागा दे.

दिली. काय आहे माझ्या भागात? ही रोजनिशी, आणि बूट शिवणाऱ्याचा पत्ता. त्याचं तर अख्खं आयुष्य दाबून ठेवलंय त्या अर्ध्यात.

बुधवार

तारीख चुकीची पडते आहे. वर्ष गेल्या वर्षीचं. पुसली की परत तीच.

आता दोन भाग नाहीत. एकच आहे. त्यात ही रोजनिशी कुठे उरलीय मला ठाऊक नाही, पण टाइप होतंय.

शाईचा रिकामा डबा दाराजवळ नाही. कपाटामागे आहे. मी ठेवला — किंवा त्याने. मालक आत आले की दार लागेल. किल्ली बाहेरून लागते, आत त्यांना ती काही कामाची नाही. द्रवाच्या डब्यांची झाकणं सैल केली आहेत.

काम संपलं म्हणून हाक मारली. मालक म्हणाले, गिऱ्हाईक गेलं की येतो बघायला.

ये. ये दादा.

हे मी लिहिलं नाही. पण मला आवडलं.

मी कुठून बाहेर पडणार, हे विचारायचं राहूनच गेलं. मी नेहमीच असं काहीतरी —

बुधवार, अजून

झाकणं उघडली आहेत. सगळी. डोळे चुरचुरतात. लवंडलं — जमिनीवर —

त्याला विचारलं, माझं काय. तो म्हणाला, तू तर पाहुणा.

थांब म्हटलं. नको म्हटलं. हात ऐकत नाहीत, पाटीवरच्यासारखी अक्षरं काढतायत, प्रत्येकाला फट, प्रत्येकाला श्वास, मला मात्र —

पावलं. काउंटरकडून नाही. जिन्याकडून.

किल्ली फिरली —

मालक नाहीत. वहिनी. मालक गिऱ्हाइकात गुंतलेत, त्यांच्या कमरेची किल्ली वहिनींनी हळूच काढून आणलीय. रडतायत. म्हणतायत, या वेळी उघडलं बघ, चल, निघ लवकर —

आत येऊ नका, तिथेच थांबा, दार धरून ठेवा, असं ओरडायचंय, तोंड उघडत नाही, तोंडही त्याचंच —

मी म्हणालो, वहिनी, आत या ना.

त्यांनी ओळखला तो आवाज. भाऊजी म्हणाल्या. किल्ली तशीच बाहेर कुलपात ठेवून पुढे आल्या, त्यांच्यामागे दार ला