दुपारी झोपणारा पानडबा

७ एप्रिल १९७२, खामगाव
कापसाच्या जिनिंगचा सीझन संपला. फॅक्टरीच्या टाइमकीपरला आता पावसाळा सरेपर्यंत काम नाही. लोक अशा वेळी झोपा काढतात. मी काढणार नाही. संकल्प: महिन्याभरात फझ बॉक्स तयार करणे. रेकॉर्डवर विलायती गिटार कशी घसा बसल्यासारखी खरखरते, तसा आवाज माझ्या गिटारीतून काढणे. मुंबईच्या मासिकात सर्किट आलंय. दोन ट्रान्झिस्टर, एक बॅटरी आणि पायाने दाबायचा स्विच. सोपं आहे. वाहेदभाईंच्या ऑर्केस्ट्रा पार्टीत गिटारवाल्याची जागा रिकामी आहे. ती माझीच समजायची.

१२ एप्रिल
सर्किट झालं. सोल्डरिंग उत्तम. बोट भाजलं, पण त्यात सोल्डरिंगचा दोष नाही.
आता डबा हवा, तोही धातूचा. कपाटावर सासऱ्यांचा पितळी पानडबा पडून आहे. सासरे म्हणजे पिंपळगाव राजाचे तुळशीरामजी. माघात वारले. सरस्वती त्यांची एकुलती एक, म्हणून डबा आमच्याकडे आला. माप अगदी फिट. तिला विचारायला हवं. विचारीन.

१३ एप्रिल
भोकं पाडून झाली. आता विचारण्यात अर्थ नाही.
सरस्वतीने पाहिलंच. भांडली नाही. एका भोकावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, लय दुखलं असन. माझ्या भाजलेल्या बोटाबद्दलच म्हणाली असणार.

१५ एप्रिल, सकाळी
वाजला! रेडिओच्या मागे वायर जोडली, स्विच दाबला, तार छेडली. सूर खरखरला, खोलीभर घुमला आणि विझता विझता कोणी खाकरावं तसा होऊन थांबला. सरस्वती पिठाच्या हातांनी धावत आली. बाबा, म्हणाली. मी परत वाजवलं. ती भिंतीला टेकून शेवटपर्यंत ऐकत बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं वादन तिने पूर्ण ऐकलं ते आज. कला शेवटी पोहोचतेच.

त्याच दिवशी, दुपारी
बॉक्स मेला. सगळे जोड तपासले. बॅटरी बदलली. काही नाही.
दिवेलागणीला आपोआप सुरू.

१९ एप्रिल
रोज हेच. सकाळी छान वाजतो. ऊन चढलं की घोगरा होतो, दुपारी पूर्ण बंद. ऊन उतरलं की परत जागा.
सरस्वती म्हणे, बाबा दुपारचे निजत होते, तुमाले ठाऊक नाही का? काऊन उठवता त्याईले?
ठाऊक आहे. सासरे जेवले की पान लावायचे, हा डबा उशाशी घ्यायचे आणि निजायचे. तेवढ्यात कुठे खुट्ट झालं तर अख्ख्या घराचा उद्धार. नवा जावई म्हणून गेलो होतो तेव्हा मी भर दुपारी गिटार काढली होती. ते प्रकरण इथे लिहीत नाही.
मी सायंटिफिक माणूस आहे. कुठेतरी जोड सैल असणार.

२३ एप्रिल
जोड सैल नाही.
दुपारी डब्यातून काथ-तंबाखूचा वास येतो. मी तो चिंचेने घासून धुतला होता.

२६ एप्रिल
सरस्वतीचा कान तयार होतोय. रोज सकाळी हजर. दोन कप चहा आणते. एक माझ्या हातात देते, एक डब्यापाशी ठेवते. कलाकाराची कदर म्हणतात ती हीच. दोन्ही प्यालो. दुसऱ्यात साखर जरा जास्त होती.
ती परत आली, रिकामा कप पाहिला आणि इतकी खूश झाली की काय सांगावं. माघापासून तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. उद्यापासूनही पिणार.

२ मे
आज ती डब्याशी बोलत होती. विहीर खाली गेली, भिमाबाईच्या पोरीचं मेहकरला जमलं, तुमची काठी मी जपून ठेवली. मी मधे मधे तारा छेडत होतो. ती थांबायची, ऐकायची. एकदा म्हणाली, हाव बाबा, मलेबी तसंच वाटते. मी नुसती ‘जी’ नावाची कॉर्ड वाजवली होती. अंगावर काटा आला.
संकल्प: भुताखेतांवर विश्वास न ठेवणे.
बॉक्सचा स्विच पायाने दाबायचा असतो. पण सासऱ्यांना पाय कसा लावणार? हल्ली खाली वाकून हाताने दाबतो. दाबून झाल्यावर हात आपोआप कपाळाला जातो. तेवढी सवय मोडायला हवी, स्टेजवर बरं दिसणार नाही.

८ मे
वाहेदभाई रविवारी गिटार ऐकायला येणार. सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडे लग्नं आहेत, म्हणून दुपारी. मी म्हटलं, नो प्रॉब्लेम.
प्रॉब्लेम आहे. डब्याला विनंती केली, एवढा एक दिवस दुपारी जागे राहा. मनातल्या मनात केली. शेवटी शेवटी थोडी मोठ्याने.

११ मे, दुपारी
डिस्कव्हरी! रागाच्या भरात डबा माठाखालच्या ओल्या वाळूवर आदळला. थोड्या वेळाने उचलायला गेलो, वायर जोडलेलीच होती, तार छेडली. भर दुपारी वाजला! उन्हाने ट्रान्झिस्टर तापतात आणि बंद पडतात. गार ठेवले की वाजतात. एवढंच होतं.
सरस्वती दळण घेऊन गेली होती. तिला सांगायचं का? रविवारी ऐकेलच. आनंदच होईल तिला, दुपारचंही ऐकायला मिळेल.
नंतर बराच वेळ तिथेच बसलो. डब्यात कोणी नाही म्हटल्यावर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

१४ मे, रविवार
परातीत ओली वाळू, वाळूवर डबा. वाहेदभाई आले. मी पहिलाच सूर असा काढला की पत्रे थरथरले. सरस्वती दारात येऊन उभी राहिली. मी वाजवत राहिलो. बॉक्सने एकदाही दगा दिला नाही.
वाहेदभाई म्हणाले, जानरावजी, आवाज तो है, लेकिन शादी में बजाया तो लोग समझेंगे इंजन बिगड गया. खुळखुळा वाजवणारा हवाय, तो वाजवाल का? मी म्हटलं, विचार करून सांगतो. मग लगेच हो म्हटलं.
ते गेल्यावर सरस्वतीला ट्रान्झिस्टर, उष्णता, वाळू सगळं समजावून सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. म्हणाली, म्हंजे बाबा निजत नव्हते? नाही, म्हटलं. मंग चहा? मी परातीतली वाळू सारखी करू लागलो.
ती न्हाणीत गेली आणि लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं. मयतावरून आल्यावर घेतात तसं. मग माझ्यासाठी बादली भरून ठेवली. म्हटलं, मला कशाला? म्हणाली, तुमचे कोनीच नव्हते का ते?
मीही आंघोळ केली. न्हाणीत रडलो. खुळखुळ्यामुळे नाही.

१६ मे, आखजी
आज अक्षय्य तृतीया, पितरांची घागर भरली. सासऱ्यांना मुलगा नाही, म्हणून त्यांच्या नावाने मी भरली. सरस्वतीने रस-पोळीचं पान वाढलं. सगळं रीतसर केलं. दोन दिवसांत ती डब्याकडे फिरकलेली नाही. मला हे सहन होत नाही.
जेवणं झाल्यावर डबा वाळूवरून काढला आणि अंगणात उन्हात ठेवला. चांगला तापू दिला. फडक्यात धरून आत आणला, जोडला, तार छेडली. बंद. ठार बंद.
तिला हाक मारली. हळूच म्हटलं, बघ, वाजत नाही. बाबा निजले असतील.
ती पदराला हात पुसत आली. डब्यावर हात ठेवला, चटका बसला तसा काढून घेतला.
म्हणाली, तापला हाये तो. तुमीच त सांगतलं.